सूर

'सूर' हा शब्द कानावर पडला की माझ्या वर्गमैत्रिणींना गाणे आठवते. मला मडके आठवते. आमच्या पेडणे तालुक्यात, किंबहुना साऱ्या गोव्यात, माडाच्या पोयीतून ठिबकणाऱ्या आणि बघता बघता फेसाळणाऱ्या रसाला सूर म्हणतात. उत्तरेकडे कोकणात गेले की तीच माडी होते. संस्कृतातल्या सुरेची ही घरगुती, अनवाणी फिरणारी नात. तिची बदनामी एवढी झाली आहे की वार्षिक अंकात तिच्यावर लिहावे की नाही, असा प्रश्न कुणालाही पडावा. पण ज्या वस्तूने आमचे घर एकदा मोडले आणि एकदा उभे केले, तिच्याविषयी लिहायचे नाही तर मग लिहायचे कशाविषयी? पावसाळ्यातील संध्याकाळ आणि रातराणी यांवर दरवर्षी पुष्कळ लिहून येतेच.

सुरेचा खरा मोठेपणा पिण्यात नाही, फुगवण्यात आहे. पोर्तुगीज इथे आले तेव्हा त्यांना जेवायला पाव हवा होता, आणि पाव फुगवण्याचे त्यांच्याकडचे साधन हाताशी नव्हते. ते काम इथल्या माडाने केले. सासष्टीतल्या माजोर्ड्याच्या लोकांनी हा धंदा सगळ्यांच्या आधी उचलला, असे सांगतात. सकाळी सायकलीचा भोंपू वाजवीत दारात येणारा पोदेर ज्या पावाची टोपली मागे बांधून आणतो, तो पाव पिढ्यान् पिढ्या सुरेवर फुगला. सान्नांचेही तसेच. इडलीची ही किरिस्तांव बहीण. तिच्यात उडीद असायलाच हवा असे नाही, पण सूर हवी. आता पोदेरांच्या भट्ट्यांतून सूर बहुतेक गेली आहे आणि तिच्या जागी पाकिटातले यीस्ट आले आहे. त्याविषयी पुढे.

यीस्ट विकत मिळते म्हणून आपल्याला वाटते की ते कुठे तरी 'बनते'. सुरेच्या बाबतीत कुणी काही बनवीत नाही. रेंदेर माडावर चढतो, न उमललेली पोय दोरीने आवळून बांधतो, ती रोज हलक्या हाताने ठोकतो आणि धारदार कातीने टोकाची एक पातळ चकती काढतो. मग रस ठिबकू लागतो. दिवसातून दोन-तीन वेळा हेच. चढायचे, कापायचे, उतरायचे. मडक्याला आतून चुना फासला असेल तर रस गोडच राहतो आणि त्याला नीरा म्हणतात. चुना नसेल तर सूर्य वर येईपर्यंत त्यात फेस धरू लागतो. तो फेस आणणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत. काही कालच्या मडक्याच्या भिंतीला चिकटून राहिलेले असतात, काही मधमाश्या आणि गांधीलमाश्या पायांवर, पोटात घेऊन येतात. २०१२ साली इटलीतल्या काही संशोधकांनी दाखवून दिले की द्राक्षमळ्यांतले यीस्ट हिवाळाभर गांधीलमाश्यांच्या आतड्यांत तग धरून राहते. आमच्या रेंदेराला हे कुणी सांगितले नव्हते, पण मडक्यावर घोंगावणाऱ्या माश्यांना तो कधी हाकलीत नसे. आणि मडकेही तो स्वच्छ घासून धुवीत नसे. एका पाहुण्या बाईने त्याला तसे सुचवले तेव्हा तो हसून म्हणाला, "मडकें सामकें धुंवूं नाका." अगदी धुऊन टाकले तर उद्याची सूर कुठून येणार?

म्हणजे 'यीस्ट तयार करणे' याचा अर्थ एवढाच, की ते येईल आणि राहील अशी जागा करून द्यायची. पाहुण्याची करतो तशी.

आता घराविषयी. बाबा गवंडीकाम करीत. हात फार सफाईचा. चिऱ्यांची भिंत ओळंबा न लावता सरळ उठवीत, असे लोक आजही म्हणतात. आधी संध्याकाळची सूर, मग फेणी, मग मिळेल ते, या क्रमाने ते गेले. माझ्या लहानपणी सुरेचा वास ओसरीवर आला की आई आणि मी स्वयंपाकघरात गप्प होत असू. आईला त्या वासाची अशी शिसारी होती, की कुणाच्या घरी लग्नात सान्नां वाढली तर ती पान उलट्या हाताने पुढे सरकवी. २०१७ साली मी सातवीत होते. बाबांना काम मिळणे जवळजवळ बंद झाले होते आणि शाळेची फी भरायची होती.

शेजारी एक म्हातारी बाई राहत असे. सारा वाडा तिला मांय म्हणे, म्हणून आम्हीही मांयच म्हणत असू. फेस्ताला, लग्नाला, बारशाला ती सान्नांच्या ऑर्डरी घेई. तिची बोटे संधिवाताने वाकडी झाली होती. तिला पीठ वाटायला आणि टोप उचलायला कुणी तरी हवे होते. आई गेली. पहिल्या रात्री परत आल्यावर तिने विहिरीवर दोन वेळा अंघोळ केली. तरी वास गेला नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी तिने दुसरी अंघोळ सोडून दिली.

मांयचा पहिला धडा नाकाचा होता. सुरेला शहाळ्यासारखा वास येत असेल तर ती अजून झोपलेली आहे, थांब. पिकलेल्या केळ्यासारखा, ताज्या पावासारखा येत असेल तर लगेच घे. नाकात शिरून डोळ्यांत पाणी आणीत असेल तर ती व्हिनेगर व्हायला निघाली; तिला लोणच्याच्या बरणीकडे जाऊ दे. दुसरा धडा कानाचा. बाटली कानाला लावायची. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर होतो तसा, पण चार घरे पलीकडून यावा इतका बारीक आवाज येतो. तो आला की ती जागी आहे. मी तो आवाज प्रथम ऐकला तेव्हा बाटली कानापासून दूर करवेना. एखाद्या बंद खोलीत पुष्कळ माणसे कुजबुजत असावीत तसे काही तरी आत चालले होते.

पण नाक-कानावर सगळे सोपवायला मांय तयार नसे. मोठ्या ऑर्डरीच्या दिवशी आधी वाटीभर परीक्षा. दोन चमचे वाटलेला तांदूळ, चिमूटभर साखर आणि थोडी सूर कालवून वाटी चुलीपासून हातभर अंतरावर ठेवायची. अर्ध्या तासात वर बुडबुड्यांची जाळी आली तर वीस घरांचे पीठ तिच्या भरवशावर कालवायचे. नाही आली तर रेंदेराकडे दुसरी बाटली आणायला पळायचे. पळायचे म्हणजे मी. सूर पातळ फडक्यातून गाळायची, कारण तिच्यात माश्यांचे पंख असतात, कधी अख्खी माशीही. भांड्याच्या तळाशी पांढुरका गाळ बसतो तो फेकायचा नाही. खरे यीस्ट तेच. ते उद्याच्या सुरेला मिळवायचे, म्हणजे उद्याची सूर मंद निघाली तरी तिला सोबत मिळते. वाटलेले पीठ गरम असताना सूर घालायची नाही. मिक्सर आल्यापासून हे फार सांभाळावे लागते, कारण पाट्यावर पीठ तापत नसे, मिक्सरमध्ये ते हाताला चटका बसण्याइतके तापते आणि यीस्ट तिथेच मरते. मीठ शेवटी, पीठ फुगून आल्यावर. आधी घातले तर ते फुगण्याचा पाय ओढते. डिसेंबर-जानेवारीत टोपाला घोंगडी गुंडाळायची. मे महिन्यात मात्र दुपारची डुलकीही महाग पडते. टोप ओसंडून चुलीत जातो. वाट्या अर्ध्याच भरायच्या. बाकीची जागा त्यांची.

'त्यांची' हा शब्द मांयचा. यीस्टला ती नेहमी अनेकवचनी आदराने 'तीं' म्हणे. सूक्ष्मदर्शक तिने उभ्या आयुष्यात पाहिला नसेल. बिअरच्या थेंबात यीस्टचे गोळे प्रथम पाहिले ते हॉलंडच्या लेव्हेनहूकने, १६८० साली. पण ते जिवंत आहेत हे त्यालाही उमगले नव्हते. त्याआधी १५१६ साली बव्हेरियात बिअरचा प्रसिद्ध कायदा झाला, त्यात बिअर कशाची करावी हे सांगताना जव, हॉप्स आणि पाणी एवढ्या तीनच वस्तू आहेत. जी वस्तू सगळे काम करते तिचे नावच नाही! पुढे १८५७ पासून पाश्चरने जेव्हा सांगितले की आंबणे हे जिवंत पेशींचे काम आहे, तेव्हाही मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांना ते पटवून घेणे जड गेले. मांयला ते पटवावे लागले नसते.

नाताळच्या आधी महिनाभर तिच्याकडे वाइनची बरणी लागे. काळ्या मनुका, साखर, मूठभर गहू, दालचिनीचा तुकडा आणि उकळून गार केलेले पाणी; त्यात सुरेच्या गाळाची वाटी, किंवा अलीकडे पाकिटातले यीस्ट. चिनी मातीच्या त्या बरणीचे झाकण कधी घट्ट लावायचे नाही, तोंडाला फडके बांधायचे. आतला वायू बाहेर पडला नाही तर बरणीच फुटते. एकवीस दिवस लाकडी डावाने ढवळायचे, मग गाळायचे. ढवळायचे काम आईकडे असे. ती ते नेमाने करी, आणि चव घ्यायची वेळ आली की डाव मांयच्या हातात देई.

सकाळी शाळेच्या आधी रेंदेराकडून सूर आणायचे काम माझे होते. पहाटेची पहिली उतरण सात वाजता मिळे. हिरव्या काचेची बाटली, तोंडाला केळीच्या पानाचा बोळा. बूच मारायचे नाही, नाही तर वाटेतच उडते. एका हातात दप्तर, एका हातात ती. बसथांब्यावर रोजची माणसे असत, आणि त्यांतला कुणी ना कुणी रोज विचारी, "बापायक व्हरता गो?" म्हणजे, बापाला नेतेस का? मी म्हणे, "ना, सान्नांक." ते हसत. ते दुष्ट होते असे मी म्हणणार नाही; त्यांना दुसरे काही सुचत नसावे. पण सातवीतल्या मुलीला एकाच प्रश्नाचे एकच उत्तर वर्षभर द्यावे लागले, की त्या उत्तराची लाज वाटावी की प्रश्नाची, हे तिला कळेनासे होते. आठवीत गेल्यावर मी उत्तर देणे सोडले आणि बाटलीला कापडी पिशवी शिवली.

या पिशवीमुळे मला एक गोष्ट बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला ग्रंथालयात अचानक भेटली. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे मराठी भाषांतर चाळीत होते. त्यात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे: मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु असे मद्याचे प्रकार, कुठे प्यावे, कुणी विकावे. त्यातच किण्व कसे करावे हेही दिले आहे. किण्व म्हणजे आंबवण. आजचा 'किण्वन' हा पाठ्यपुस्तकी शब्द त्यावरूनच आला. उडदाचा लगदा, कच्चा किंवा शिजवलेला, एक द्रोण; त्याच्या तिसऱ्या हिश्शाने अधिक तांदूळ; आणि काही वनस्पतींची भर. वाचता वाचता मी थांबले. हे तर इडलीचे पीठ! आणि त्यापुढे, सुरा आणि किण्व यांची निवडानिवड बायकांनी आणि मुलांनी करावी, असे स्पष्ट सांगितले आहे. दोन हजार वर्षांमागे कुणी तरी बाई आणि तिची मुलगी पाटलीपुत्रात हेच करीत बसल्या असतील. त्यांना बसथांब्यावर कुणी काय विचारले, ते कौटिल्याने लिहिलेले नाही. कुटुंबात सणसमारंभ असला तर घरच्या घरी पांढरी सुरा करायला त्याने परवानगी दिली आहे, औषधासाठी अरिष्टही. आपले वैद्य आजही आसव-अरिष्टात धायटीची फुले घालतात. सह्याद्रीच्या उतारांवर लाल पेटणारी ती फुले नुसती शोभेची नव्हेत. आंबण्याची सुरुवात तीच करून देतात.

बाबांविषयी एक सांगायचे राहिले. मी नववीत असताना त्यांनी अंथरूण धरले. एके सकाळी मी बाटली घेऊन ओसरीवरून जात होते, तर त्यांनी हाक मारली. आई दारात येऊन उभी राहिली. मला वाटले, आता मागणार. त्यांनी बाटली घेतली, केळीचा बोळा काढला, नाकाशी नेली आणि परत दिली. "कालची मिसळली आहे यात. परत दे त्याला," म्हणाले. मांयने वाटी लावून पाहिली. अर्ध्या तासाने वर एकही बुडबुडा नव्हता. रेंदेराच्या मुलाने आदल्या संध्याकाळची उरलेली सूर खरोखरच भरली होती. मांयच्या नाकालाही ते कळले नव्हते. त्यानंतर कित्येक दिवस मी बाटली आधी ओसरीवर थांबवीत असे. बाबा वास घेत, कधी "बरी आहे" म्हणत, कधी नुसती मान हलवीत, आणि परत देत. प्रत्येक वेळी परत दिलीच असे नाही. पण देत तेव्हा आई त्यांच्या हातून ती घ्यायला स्वतः पुढे येई, आणि दोघांत तेवढेच बोलणे होई: आजची कशी आहे, पीठ किती फुगेल, ढग आले आहेत तेव्हा जरा उशीर लागेल. मला आठवते तेव्हापासूनचा त्या दोघांचा हा सर्वांत लांब संसारी संवाद असावा.

रसायनशास्त्रात याचा हिशेब फार नेटका आहे. माझ्या विज्ञान शाखेतल्या मैत्रिणीने तो मला वहीच्या मागच्या पानावर करून दाखवला. एकशे ऐंशी ग्रॅम द्राक्षशर्करा यीस्टला दिली, की तिच्यातून ९२ ग्रॅम अल्कोहोल निघते आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. जवळजवळ निम्मे-निम्मे. पाव किंवा सान्नां करणारा वायू धरून ठेवतो, अल्कोहोल भट्टीत नाही तर वाफेत बरेचसे उडून जाते. पिणारा अल्कोहोल ठेवतो आणि वायू फेसावाटे सोडून देतो. यीस्टला या दोहोंतले काहीच नको असते. ती त्याच्या जगण्याची सांडलवंड आहे. मी ते पान फाडून घेतले. आमच्या घरात एकाच मडक्यातले एक निम्मे बाबांनी घेतले आणि दुसरे निम्मे आईने, हे असे आकड्यांत मांडलेले मी कधी पाहिले नव्हते.

२०२१ साली, मी अकरावीत असताना, बाबा गेले. यकृत. तेराव्याला आईने सान्नां केली नाहीत. चौदाव्या दिवशी एका बारशाची ऑर्डर होती.

पुढच्याच पावसाळ्यानंतर रेंदेराने माडावर चढणे सोडले. त्याच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता, आणि मुलगा बोटीवर नोकरीला लागला. त्याला दोष कोण देणार? भर पावसात निसरड्या माडावर दिवसातून तीन वेळा चढून जे मिळते, त्याहून बोटीवरच्या स्वयंपाकघरात जास्त मिळते आणि जीवही शाबूत राहतो. लोक गावठी चव नाहीशी झाली म्हणून हळहळतात; त्यांतल्या कुणी आपल्या मुलाला रेंदेर केल्याचे मला माहीत नाही.

तेव्हापासून आई पाकिटातले यीस्ट वापरते. मांयही आता नाही. ऑर्डरी आईच्याच नावाने येतात. पाकिटातले यीस्ट ही मोठी शहाणी वस्तू आहे, हे कबूल करायला हवे. डेन्मार्कात कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत हान्सेन नावाच्या शास्त्रज्ञाने १८८३ साली एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले, आणि त्या कारखान्याने ती विद्या लपवून न ठेवता इतरांना दिली. आजच्या पाकिटामागची मूळ कल्पना तीच: निवडलेला एकच वाण, त्याचीच संतती, ग्रॅमभरात अब्जावधी, सगळी सारखी. ती दगा देत नाहीत. सूर म्हणजे अख्खा वाडा होता: यीस्टचे अनेक वाण, आंबटपणा आणणारे जिवाणू, कुणी कष्टाळू, कुणी भांडकुदळ. म्हणून रोज चव निराळी लागे. आता सान्नां रोज सारखी होतात, गिऱ्हाईक खूश आहे, आणि ऑर्डरी वाढल्या आहेत. माझी या वर्षीची फी त्याच पाकिटांतून आली. आई म्हणते, थोडी साखर जास्त घातली आणि पीठ रात्रभर ठेवले की बरेच जवळ जाते. पण 'बरेच जवळ' म्हणताना ती चेहरा जरा वाकडा करते.

यीस्ट जागे करायची तिची रीत मात्र बदललेली नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला जेमतेम ऊन लागेल इतके पाणी, पस्तीस-चाळीस अंशांच्या आतबाहेर. थर्मामीटर मी आणून दिला आहे, तो कपाटात आहे. त्यात चमचाभर साखर, वरून यीस्ट भुरभुरायचे, ढवळायचे नाही, दहा मिनिटे झाकून ठेवायचे. झाकण काढले की तपकिरी दाणे विरघळून वर घट्ट साय आलेली असते. पाकिटावर मुदतीची तारीख स्पष्ट छापलेली आहे, आणि ती आधी वाचून दाखवण्याचे काम माझेच आहे. तरी आई वाटी उचलते, नाकाशी नेते, मग कानाशी नेते, आणि थोडा वेळ तशीच उभी राहते.